फाउंटनचा कोला दर वेळी वेगळा का लागतो?

चित्रपट सुरू होण्यापूर्वी घेतलेला कोला आणि मध्यंतराच्या गर्दीत त्याच काउंटरवर घेतलेला कोला यांची चव सारखी लागत नाही, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. एक ग्लास पाणचट लागतो, तर दुसरा गोडमिट्ट. कधी गॅस नाकात झणझणतो, कधी ग्लास खुर्चीपर्यंत नेईतो तो उडूनही गेलेला असतो. अशा वेळी रांगेतले कोणीतरी हमखास म्हणते, "हे लोक यात पाणी मिसळतात." हा आरोप शब्दशः खरा आहे, आणि तरीही त्यात फसवणूक असेलच असे नाही. फाउंटनमधून, म्हणजे काउंटरवरच्या नळाच्या यंत्रातून येणाऱ्या कोलाचे सहा भाग केले तर त्यांतले सुमारे पाच भाग सोडावॉटरच असते आणि ते तिथेच, आपल्या डोळ्यांदेखत मिसळले जाते. ते पाणी कोणते होते, किती पडले, किती थंड होते आणि त्यात वायू किती होता, यावर पुढचे सगळे ठरते.

बाटलीतले पेय कारखान्यात पूर्ण होते. तिथे पाणी, साखर, अर्क आणि वायू यांचे प्रमाण यंत्रे सतत मोजत असतात, नमुने तपासले जातात आणि मगच बाटलीला झाकण लागते. फाउंटनचे पेय मात्र कारखान्यातून अर्धवट स्थितीत बाहेर पडते, आणि त्याच्या निर्मितीची शेवटची पायरी तीन-चार सेकंदांत काउंटरवर उरकली जाते. म्हणजे ज्याला आपण नळ समजतो, तो खरे तर एक छोटा कारखाना असतो. तो चालवणाऱ्या मुलाला मात्र आपण कारखाना चालवत आहोत याची कल्पना असतेच असे नाही.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवलेला बरा. अमेरिकेत 'सोडा' म्हणजे कोणतेही गोड, फसफसणारे शीतपेय. आपल्याकडे सोडा म्हणजे वायू भरलेले बिनचवीचे पाणी, जे लिंबाबरोबर किंवा व्हिस्कीबरोबर घेतले जाते. आणि भजी हलकी व्हावीत म्हणून पिठात टाकतात तो खाण्याचा सोडा तिसराच. सुरुवातीच्या काळात कृत्रिम खनिजजल करताना पाण्यात सोडियमचे क्षार घालत असत, त्यावरून पडलेले नाव क्षार गेल्यावरही राहिले. या लेखात सोडा हा शब्द आपल्या अर्थाने, म्हणजे वायू भरलेल्या पाण्यासाठी वापरला आहे.

काउंटरच्या खाली किंवा मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी मांडणीवर रचून ठेवलेली असतात. प्रत्येक खोक्यात प्लास्टिकची बंद पिशवी असते आणि तिच्यात दाट सिरप असते. अमेरिकेत ही पिशवी सहसा ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची असते. एक भाग सिरपला पाच भाग सोडा या प्रमाणात तिच्यातून ११४ लिटर पेय होते, म्हणजे ३०० मिलिलिटरचे ३८० ग्लास. एवढ्या बाटल्या ट्रकमधून आणायच्या, साठवायच्या, थंड करायच्या आणि रिकाम्या झाल्यावर परत पाठवायच्या किंवा टाकायच्या, यापेक्षा एक खोके उचलणे कितीतरी सोपे आहे. फाउंटन टिकले ते या हिशेबावर. पाणी सगळीकडे मिळते, मग ते गावोगाव वाहून कशाला न्यायचे? मात्र जे पाणी वाहून नेले नाही, ते जागेवर जसे मिळेल तसे घ्यावे लागते, आणि चवीतल्या निम्म्या भानगडी तिथून सुरू होतात.

बाटली आधी आली आणि फाउंटन नंतर, असा आपला समज असतो. तो उलटा आहे. पाण्यात कृत्रिम रीतीने वायू मुरवण्याचा प्रयोग जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे, घराशेजारच्या बिअरच्या भट्टीत केला आणि १७७२ मध्ये त्याची कृती पुस्तिकेच्या रूपाने छापली. जिनिव्हात याकोब श्वेप याने १७८३ मध्ये त्याचा धंदा उभारला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत संगमरवरी सोडा फाउंटन उभी राहिली, कारण सोडा हे तेव्हा औषधच मानले जाई. तिथला कामगार ग्लासात आधी सिरप ओतायचा आणि मग दांडी ओढून त्यावर सोडा सोडायचा. कोकाकोलाही प्रथम अशीच विकली गेली. १८८६ च्या मे महिन्यात अटलांटातील जेकब्स फार्मसीत, ५ सेंटला एक ग्लास. ती बाटलीत भरून विकणारा पहिला माणूस, मिसिसिपीतील व्हिक्सबर्गचा जोसेफ बीडेनहार्न, १८९४ मध्ये पुढे आला. हाताने सिरप ओतताना चूक व्हायचीच, म्हणून कोकाकोलाच्या काही ग्लासांवर सिरप कुठवर ओतायचे ते दाखवणारी रेघ असे. सिरप आणि सोडा आपोआप मिसळणारे यंत्र कंपनीने १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. आजचे यंत्र त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे.

आता यंत्राच्या पोटात जाऊ. नळाचे पाणी गाळणीतून कार्बोनेटरमध्ये येते. कार्बोनेटर म्हणजे जाड पत्र्याची, काही लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी. तिच्यात सिलिंडरमधून आलेला कार्बन डायऑक्साइड साधारण ५ ते ७ बार (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) दाबाने भरलेला असतो, आणि त्या दाबाविरुद्ध पाणी आत ढकलण्यासाठी एक पंप असतो. पाणी आत फवाऱ्यासारखे पडते, त्याचे थेंब वायूच्या संपर्कात येतात आणि वायू पाण्यात विरघळतो. टाकीतली पातळी खाली गेली की पंप आपोआप सुरू होतो. काउंटरजवळ उभे राहिल्यावर अधूनमधून जी घरघर ऐकू येते, ती बहुधा या पंपाची असते. सोडा झालेले पाणी आम्लधर्मी असते आणि तांबे विरघळवते. नळ्यांत चुकून तांबे आल्याने लोकांना विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून कार्बोनेटरच्या पुढे तांब्याची किंवा पितळेची जोडणी चालत नाही, आणि सोडा उलटा नळाच्या पाइपात शिरू नये यासाठी वेगळी झडप बसवावी लागते.

पाण्यात किती वायू मुरेल हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट दाब. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट होतो, हे विल्यम हेन्री याने १८०३ मध्ये दाखवले. दुसरी गोष्ट तापमान, आणि आपल्या हवामानात खरा खेळ तिचाच आहे. साध्या वातावरणीय दाबाला १ लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, १० अंशांना १.२ लिटर, २० अंशांना ०.८८ लिटर आणि ३० अंशांना जेमतेम ०.६६ लिटर. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. तेच पाणी थंड न करता कार्बोनेटरमध्ये गेले, तर सिलिंडर भरलेला असूनही आणि दाबाचा काटा योग्य जागी असूनही सोडा मवाळ होणार. काउंटरवरचा मुलगा सिलिंडर बदलतो, तरी काही फरक पडत नाही, आणि मालक गॅसवाल्याला बोल लावतो.

इथे आणखी एक अडचण आहे. कोलात साधारण त्याच्या आकारमानाच्या पावणेचार ते चार पट वायू असावा अशी अपेक्षा असते. फाउंटनमध्ये वायू फक्त पाण्यात असतो. सिरप बिनवायूचे असते. म्हणजे पाच भाग सोड्यातला वायू सहा भागांत वाटला जातो. तयार पेयात चारपट वायू हवा असेल, तर सोड्यात तो ४.८ पट असायला हवा, आणि धार ग्लासात आपटताना जो उडून जातो त्याची भरपाई वेगळी. बाटली कारखान्यात दाबाखाली भरली जाते, त्यामुळे तिच्यात हे नुकसान फार थोडे होते. फाउंटनचा कोला नुकत्याच उघडलेल्या काचेच्या बाटलीपेक्षा थोडा मऊ लागतो, तो मुळातच.

सिरप आणि सोडा यांची भेट अगदी शेवटी होते. दोघांच्या नळ्या वेगवेगळ्या येतात, थंड होतात आणि तोटीच्या तोंडापाशी एकत्र येतात. नेहमीच्या तोटीतून सेकंदाला सुमारे ९० मिलिलिटर पेय पडते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या ग्लासाला साडेतीन सेकंदही लागत नाहीत. पडणाऱ्या धारेकडे जवळून पाहिले, तर पारदर्शक पाण्यात गडद सिरपची वेगळी रेघ ग्लासापर्यंत उतरताना दिसते. उरलेले मिश्रण ग्लासातल्या खळबळीत होते. ग्लास फार अलगद, कडेने भरला तर वायू वाचतो, पण सिरप तळाशी बसू शकते. मग पहिले घोट पाणचट आणि शेवटचे घोट गोडमिट्ट लागतात, आणि दोष यंत्राचा नसतो, ढवळण्याचा असतो.

तोटीच्या मागे दोन छोटे प्रवाह-नियंत्रक असतात, एक पाण्याचा आणि एक सिरपचा. प्रत्येकात स्प्रिंगवर बसलेला बारीक सिरॅमिक दट्ट्या असतो. मागून दाब वाढला की तो वाट अरुंद करतो आणि दाब घटला की मोकळी करतो, म्हणजे प्रवाह शक्यतो तेवढाच राहतो. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो आणि प्रमाण त्याच स्क्रूने लावले जाते. एका मॉलच्या फूडकोर्टात दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला हे काम करताना मी शेजारी उभा राहून पाहिले. त्याने तोटीचे तोंड काढले आणि तिथे एक फाटा बसवला, त्यामुळे सिरप आणि सोडा वेगवेगळ्या वाटेने बाहेर येऊ लागले. खाली त्याने दोन कप्पे असलेले प्लास्टिकचे मापटे धरले. त्यातला सोड्याचा कप्पा सिरपच्या कप्प्याच्या पाचपट रुंद होता, म्हणून प्रमाण बरोबर असेल तर दोन्ही कप्प्यांतली पातळी एका रेषेत यायला हवी. पहिल्या खेपेला सिरपची पातळी बोटभर खाली राहिली. त्याने स्क्रूड्रायव्हरने स्क्रू किंचित फिरवला, मापटे रिकामे केले, पुन्हा धरले. तिसऱ्या खेपेला पातळ्या जुळल्या. "साहेब, लोक कंपनीला शिव्या देतात," तो म्हणाला, "पण इथं अर्धा आटा इकडचा तिकडं झाला की अख्खी चव बदलते."

अर्ध्या आट्याने नेमके किती बदलते, याचा हिशेब करून पाहू. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. एकास पाच हे प्रमाण धरले, तर सिरपच्या १०० मिलिलिटरमध्ये ६३ ग्रॅम साखर असली पाहिजे. आता प्रमाण एकास सहावर गेले, तर पेयातली साखर ९ ग्रॅमवर उतरते. एकास चारवर आले, तर १२.६ ग्रॅमवर चढते. ३०० मिलिलिटरच्या ग्लासात हा फरक २७ ग्रॅम आणि जवळजवळ ३८ ग्रॅम इतका होतो, म्हणजे चहाचे दोन भरलेले चमचे. इतका फरक जिभेला न कळणे अशक्य आहे. शिवाय साखरेबरोबर आम्लही, कॅफीनही आणि सुगंधही त्याच प्रमाणात खाली-वर होतात, त्यामुळे नुसते गोड कमी-जास्त लागत नाही, पेयाचा तोलच ढळतो.

हे प्रमाण बिघडण्याची कारणे फार साधी असतात. सिरपची पिशवी संपत आली की पंप हवा ओढू लागतो आणि सिरप झटक्याझटक्याने येते. रंग फिका पडताना दिसतो तो याच वेळी. साखरेचा कण नियंत्रकात अडकतो. सिरप थंड झाले की दाट होते आणि हळू वाहते, म्हणून मागची खोली हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेली असेल, तर एकदा लावलेले प्रमाण ऋतूबरोबर सरकते. इमारतीतल्या नळाचा दाब दुपारी पडतो आणि रात्री वाढतो. दट्ट्या यांतले बरेचसे सांभाळून घेतो, पण तोही झिजतो. साखरेच्या पेयांसाठी तंत्रज्ञाकडे रिफ्रॅक्टोमीटर नावाचे दुर्बिणीसारखे छोटे उपकरण असते. त्याच्या काचेवर वायू घालवलेल्या पेयाचा थेंब टाकून उजेडाकडे पाहिले, की विरघळलेल्या साखरेचा टक्का दिसतो. या मोजमापाला ब्रिक्स म्हणतात. डाएट पेयाला हे उपकरण लागू पडत नाही, कारण त्यात मोजायला साखरच नसते. तिथे मापट्यावरच विसंबावे लागते.

डाएट पेयाची आणखी एक नाजूक बाजू अशी, की त्यातले अ‍ॅस्पार्टेम हे साखरेऐवजी वापरलेले गोड द्रव्य आम्लात आणि उष्णतेत हळूहळू मोडते आणि मोडले की गोडी जाते. म्हणून डाएट सिरपची मुदत साखरेच्या सिरपपेक्षा कमी असते. उकाड्याच्या कोठीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या खोक्यातून आलेले डाएट पेय फिके आणि कडवट लागले, तर आश्चर्य वाटू नये. साखरेचेही रूप बदलते, पण ते निराळ्या प्रकारे. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो आणि इतक्या आम्लात साखर सावकाश फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. अमेरिकेत तर साखरेऐवजी मक्याचे फ्रुक्टोजयुक्त सिरप वापरतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मोठ्या कोला कंपन्यांनी तो बदल पूर्ण केला होता. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथला फाउंटनचा कोला इकडच्यासारखा लागत नाही, त्यात यंत्राइतकाच या बदलाचाही वाटा असू शकतो.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड, कारण तो दिसत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, आणि ते कोलाच्या सुगंधाचा फार लवकर विचका करते; म्हणून यंत्राआधी कार्बनची गाळणी असते आणि ती वेळेवर बदलावी लागते. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्याची तऱ्हा वेगळी. त्यातले बायकार्बोनेट पेयातल्या आम्लाशी भिडून त्याचा काही भाग निष्प्रभ करते. साखर तेवढीच राहते पण आंबटपणा कमी होतो, आणि कोला बोथट, मचूळ लागू लागतो. बाटलीच्या कारखान्यात पाणी आधी एका ठरलेल्या मोजमापाला आणून मग वापरतात. फाउंटनवाल्याकडे शहराने, गावाने किंवा टँकरने जे दिले ते असते. नाशिकचा कोला आणि लातूरचा कोला वेगळा लागण्याला सिरप जबाबदार असण्याचे कारण नाही, ते एकाच कारखान्यातून आलेले असू शकते.

आता बर्फ. ग्लासातला बर्फ फक्त गारवा देतो असे नाही, तो पाणीही देतो, आणि किती देतो हे पेय कोणत्या तापमानाला पडले यावर ठरते. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. समजा ३०० मिलिलिटर पेय २० अंशांना ग्लासात पडले. ते ० अंशाकडे न्यायला सुमारे ६००० कॅलरी काढून घ्याव्या लागतील, म्हणजे ७५ ग्रॅम बर्फ वितळेल. दर १०० मिलिलिटरमधली साखर साडेदहावरून ८.४ ग्रॅमवर येईल आणि पेय उघडच पाणचट होईल. तेच पेय ४ अंशांना पडले, तर केवळ १५ ग्रॅम बर्फ वितळेल आणि साखर १० ग्रॅमच्या आसपास राहील. म्हणजे चव वाचवायची असेल तर पेय ग्लासात पडण्याआधीच थंड असले पाहिजे. बर्फाने थंड केलेले पेय आणि थंड पेयात टाकलेला बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या फार थोड्या काउंटरवर कोणी मनावर घेतलेले दिसते.

काही यंत्रांत वेगळा शीतक असतो. पुष्कळ ठिकाणी मात्र बर्फाच्या पेटीचा तळच अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटाचा केलेला असतो. त्या पाटात स्टीलच्या नळ्या गुंडाळलेल्या असतात आणि सोडा व सिरप त्यांतून जाताना वरच्या बर्फाने थंड होतात. एकच बर्फ पाटही गार ठेवतो आणि ग्लासातही पडतो. मध्यंतरात काय होते ते यावरून समजते. दहा मिनिटांत शे-दीडशे ग्लास भरायचे असतात, पेटीतला बर्फ भराभर उपसला जातो, पाट उघडा पडतो, कार्बोनेटरमध्ये नवे कोमट पाणी एकसारखे येत राहते आणि त्याला वायू मुरायला पुरेसा वेळ मिळत नाही. पेय कोमट येते, फेस उसळतो, फेस म्हणजे निसटणारा वायूच, आणि फेस बसल्यावर वरून पुन्हा थोडे ओतले जाते. कधी पेटीत बर्फ दिसतो, पण तळाचा वितळून वरचा कमानीसारखा तोलून राहिलेला असतो आणि पाटाला टेकतच नाही. तो सळईने खाली पाडावा लागतो. उलट, खेळ सुरू होण्याआधीचा पहिला ग्लास वेगळ्या कारणाने बिघडतो. बराच वेळ कोणी काही घेतलेले नसते, आणि शीतकापासून तोटीपर्यंतच्या नळीत अडकलेले पेय कोमटून बसलेले असते. चांगल्या यंत्रात या नळ्या एका जाड आवरणात घालून त्यांच्याबरोबर थंड पाणी फिरते ठेवतात; सापासारख्या दिसणाऱ्या त्या जुडग्याला या धंद्यात पायथन म्हणतात.

अमेरिकेतील मॅकडोनल्ड्सच्या कोकची तारीफ अनेक जण करतात आणि तिच्याभोवती बऱ्याच कथाही रचल्या गेल्या आहेत. कंपनीने स्वतः दिलेली कारणे मात्र अगदी साधी आहेत: पाणी गाळलेले असते, पाणी आणि सिरप दोन्ही तोटीत येण्याआधी थंड केलेले असतात, सिरपचे प्रमाण बर्फ वितळणार हे धरून लावलेले असते आणि स्ट्रॉ थोडी रुंद असते. यात गुप्त कृती काहीच नाही.

जिभेची बाजू अजून राहिलीच आहे. सोड्याचा झणका बुडबुडे फुटल्यामुळे येतो, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे नाही. हवेचा दाब वाढवलेल्या खोलीत, जिथे बुडबुडे धरूच शकत नाहीत, माणसांना सोडा पाजून पाहिला तरी झणका कायम राहिला. विरघळलेल्या वायूचे तोंडात आम्ल होते आणि ते आंबट चवीच्या पेशींना आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. आंबट चवीच्या पेशींवर हे काम करणारे कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचे विकर उंदरांवरील प्रयोगांत २००९ मध्ये सापडले. याचा घरगुती पुरावा ट्रेकर मंडळींकडे असतो. हिमालयात जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून पुण्या-मुंबईचे ट्रेकर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. ती नेमके हेच विकर दाबते, आणि मग बेस कॅम्पवरचा कोला किंवा बिअर गॅस गेल्यासारखी लागते. बाटली ताजी असते, जीभ बदललेली असते.

गारवा गोडीवरही परिणाम करतो. गोडी ओळखणारी जिभेवरची यंत्रणा थंडीत मंदावते, म्हणून बर्फासारखा गार कोला बेताचा गोड लागतो आणि तोच कोमट झाला की किळस यावी इतका गोड. पेयातली साखर बदललेली नसते. वायू कमी झाला की त्याच्याबरोबरचे आम्ल आणि झणकाही जातो, गोडी उघडी पडते, आणि आपण म्हणतो, "आज सिरप जास्त टाकलंय." अशी तक्रार ऐकून दुकानदाराने सिरपचा स्क्रू कमी केला, तर पेय गॅस नसलेले आणि वर पाणचट असे दोन्हीकडून बिघडते. चवीची तक्रार आणि तिचे कारण यांची अशी चुकामूक फार वेळा होते.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. तोटीचे तोंड रोज काढून धुवावे आणि भिजवून ठेवावे लागते; साखर, ओल आणि हवा एकत्र आली की तिथे यीस्ट आणि बुरशी धरते आणि पेयाला आंबूस वास येतो. नळ्यांचे प्लास्टिक वासही धरून ठेवते. ज्या नळीतून काही महिने संत्र्याचे पेय गेले, तिला नंतर कोला जोडला तर कितीतरी दिवस संत्र्याची झाक येत राहते. काही वेळा नळीच बदलावी लागते. वेलदोड्याच्या डब्यात साखर भरल्यावर काय होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली सोडा शॉपी निघाल्या आहेत, आणि त्यांचे आठ-दहा नळांचे चकचकीत यंत्र याच कुळातले आहे: थंड सोडा एक, सिरपे अनेक. जिरा मसाला, कालाखट्टा, लेमन, संत्रा. बटण दाबले की ग्लास भरतो. तिथे वरून मसाला टाकला की सोडा उसळून ग्लासाबाहेर येतो, कारण मिठाच्या आणि मसाल्याच्या कणांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते. उसळी पाहायला छान असते, पण त्या उसळीत बराचसा वायू निघून जातो, म्हणून मसाला आधी आणि सोडा नंतर हलक्या हाताने ओतणारा दुकानदार जाणकार समजावा. कागदी स्ट्रॉच्या तंतूंवरही बुडबुडे असेच धरतात. गाडीवरच्या लिंबू सोड्याला हे प्रमाणाचे दुखणे नाही, तिथे गोटी फोडण्याआधीच विचारतात, "गोड, खारा की मिक्स?" आणि ओतणाऱ्याचा हात समोरच्या तोंडाकडे पाहून वळतो. फाउंटनला तोंड दिसत नाही, म्हणून त्याला स्क्रू लागतो.

प्रमाणाचा प्रश्न यंत्रानेच सोडवण्याचा मोठा प्रयत्न २००९ मध्ये कोकाकोलाने फ्रीस्टाइल या यंत्रातून केला. त्यात दाट अर्काच्या छोट्या कुप्या असतात, गोडवा वेगळा येतो आणि औषधांच्या सूक्ष्म मात्रा मोजण्याच्या तंत्राने थेंबाथेंबाने मिश्रण होते. एकाच तोटीतून शंभरावर पेये निघतात. प्रमाण त्यामुळे बरेच काटेकोर झाले आहे. पाणी, बर्फ आणि तोटी धुणारा हात मात्र तिथेही स्थानिकच.

ग्राहकाच्या हाती काय उरते? थोडेसे. पहिली धार फिकी दिसली तर तिथेच सांगावे, बहुधा खोके संपत आलेले असते. गर्दी ओसरल्यावर घ्यावा. अगदी तळापर्यंत पाणचट लागला तर बर्फाकडे पाहावे, तळाशी गोड लागला तर ढवळावे. आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पुष्कळ जण "बर्फ नको" असे सांगतात, त्यांनी एक लक्षात ठेवावे: ज्या यंत्राचे प्रमाण वितळणारा बर्फ धरून लावले आहे, तिथे बिनबर्फाचा ग्लास ठरलेल्या चवीपेक्षा गोड असतो, आणि तो लवकर कोमट होत असल्यामुळे अर्ध्यावर येईपर्यंत आणखी गोड लागू लागतो.